एका पायात चप्पल

मी बाक बोलतोय. शाळेतला, तीन पोरांनी बसायचा, चार पायांचा. चार म्हणालो खरा, पण त्यातल्या एका पायाची भानगड आहे. तीच सांगायला बसलोय. म्हणजे उभा आहे. बाकाला बसता येत नाही, हे तुम्हाला कधी सुचलं होतं? नाहीच सुचणार. तुम्ही बसणारी माणसं.

गोड बोलणं मला जमत नाही. शिक्षण विचाराल तर पहिली, तीही अकरा वर्षं. दरवर्षी पोरं दुसरीत जायची आणि मला कुणी न्यायचं नाही. एवढं शिकून ‘ज्ञ’ अजून येत नाही, कारण बाई ‘ज्ञ’पर्यंत पोचायच्या तोवर अर्धा वर्ग माझ्यावर डोकं टेकून झोपलेला असायचा. तेव्हा चुकलंमाकलं तर पोटात घाला.

माझा जन्म सुताराच्या दुकानातला. कुणाच्या तरी कपाटातून उरलेल्या फळ्या होत्या, त्यांचा मी झालो. सुताराचा हात चांगला, डोकं गरम. मला कापत होता त्या दिवशी त्याचं बायकोशी खिडकीतून भांडण चाललं होतं. दुकानामागेच घर. भांडण कशावरून, तर साऱ्या जगाची दारं दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या घरचं दार सहा वर्षं कुरकुरतंय.

“उद्या करतो,” सुतार म्हणाला.

“तुमचा उद्या मी मेल्यावर उजाडणार,” बायको म्हणाली.

यावर काय बोलावं याचा विचार करता करता त्याने करवत चालवली आणि माझा एक पाय बोटभर आखूड झाला. चूक कबूल करील तो सुतार कसला! त्याने लाकडाचा एक तुकडा घेतला, त्या पायाच्या तळाशी एका खिळ्याने ठोकला आणि वरून रंग फासला. शाळेत मला पोचवायला आला तेव्हा हेडमास्तरांनी विचारलं, “हे काय खाली?” तर म्हणतो, “ओल लागू नये म्हणून खास पद्धत आहे.” हेडमास्तरांनी मान डोलावली. शिकलेल्या माणसाला ‘खास पद्धत’ म्हटलं की तो पुढे विचारत नाही, आपल्याला माहीत नव्हतं हे कळेल म्हणून.

तर असा मी एका पायात चप्पल घालून शाळेत गेलो.

दहा वर्षांत माझ्यावर किती पोरं बसली त्याचा हिशेब ठेवला नाही. सगळी सारखीच. नाक पुसायला शर्टाची बाही आणि बाही पुसायला मी. पण अकराव्या वर्षी जी तीन आली ती मात्र नग होती.

डाव्या टोकाला बटाटा. शिवणकाम करणाऱ्या बाईचा एकुलता एक, गोल गरगरीत. आई लोकांच्या उरलेल्या कापडातून त्याचे शर्ट शिवायची, म्हणून त्याच्या दोन बाह्या कधी एका रंगाच्या नसायच्या. तो खडू खायचा. एरवी पांढरा, आणि वाढदिवस असला की रंगीत.

उजव्या टोकाला वकीलबाई. पोस्टमनची नात. बाईंनी सांगावं, दोन आणि दोन चार, आणि हिने उभं राहून विचारावं, “कुणी ठरवलं?” बाई म्हणायच्या, “मी ठरवलं, खाली बस.” बसायची, पण बसता बसता शेजाऱ्याला सांगायची, “बघ, यांच्याकडे पुरावा नाही.”

मध्ये भिंगरी. बस चालवणाऱ्याची मुलगी. नावातच सगळं आलं. दिवसभरात ती माझ्यावर बसलेली असायची त्यापेक्षा जास्त वेळ माझ्याखाली असायची.

एका मंगळवारी बटाट्याच्या हातून खडू पडला. तो उचलायला भिंगरी खाली गेली आणि ओरडली, “अरे, बाकाने चप्पल घातलीय!”

“किती पायांत?” वकीलबाईने विचारलं.

“एकाच.”

“बाकीच्या तीन हरवल्या असतील,” बटाटा म्हणाला. “माझीपण एक हरवलीय.”

मग खटला चालला. वकीलबाईचं म्हणणं असं, की आपण सगळे चपला बाहेर काढून वर्गात येतो. बाकाला वेगळा नियम का? बाक दोषी आहे. मला कुणी बाजू मांडायला सांगितलं नाही. बटाट्याने डब्यातला चमचा काढून दिला, भिंगरी पोटावर सरपटत गेली, चमच्याचं टोक घालून तिने जोर लावला. चमचा मानेत वाकला, पण चप्पल निघाली. बटाट्याने वाकडा चमचा डब्यात टाकला आणि भिंगरीने ती चप्पल खिशात घातली.

आणि मी हललो. टक!

पलीकडच्या टोकाला बटाट्याने जोर दिला. टक! वकीलबाईने परत. टक! जन्मापासून ताठ उभं राहायचं एवढंच मला माहीत. आता पोरांबरोबर मीही झुलायला लागलो. खरं सांगतो, लाज वाटली. आणि त्याहून खरं सांगतो, मजा आली.

बुधवारी सकाळी बाईंचं डोकं उठलं. फळ्याकडे वळल्या की मागून टकटक. वळून बघितलं की तीन पुतळे. शेवटी बाईंनी शिपायाला हाक मारली. “हा बाक सुताराकडे टाकून या. आणि तुम्ही तिघं, चला, मागच्या कोपऱ्यातल्या बाकावर दाटीवाटीने बसा.” मला हातगाडीवर घातलं. जाताना बघितलं तर भिंगरीचं तोंड एवढंसं झालं होतं.

सुताराच्या दुकानात मी दुपारपर्यंत उलटा पडून होतो. सुतार म्हणाला, “जेवून बघतो.” जेवून झाल्यावर म्हणाला, “चहा घेऊन बघतो.” तेवढ्यात भिंगरी धापा टाकत आत आली. जेवणाच्या सुट्टीत पळत आली होती. सुताराकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. मला जमेल तसं सरळ केलं, माझ्या पायाशी बसली आणि मुठीतली चप्पल पुढे केली.

“घे रे बाबा तुझी. वकीलबाईने निकाल बदललाय. ती म्हणते, दुसऱ्याची वस्तू परत द्यावी लागते. बटाटा म्हणाला, तू जा पळत, आम्ही तुझी जागा धरून ठेवतो.”

दोन गल्ल्यांपलीकडे शाळेची घंटा वाजली.

“झाली घंटा,” भिंगरी म्हणाली.

मग तो आवाज आला. त्याचं वर्णन मी करणार नाही. चोवीस वर्षं भाषणांतून ते ऐकतोय, अजून एकालाही जमलेलं नाही. पहिलीच्या वर्गाचं छप्पर मागच्या कोपऱ्यात खाली आलं. अकरा पोरं गेली. बटाटा आणि वकीलबाई त्या अकरांत.

सुताराने हातातला कप टाकला, भिंगरीला उचलून माझ्यावर बसवलं आणि म्हणाला, “इथून हलायचं नाही. कळलं?” आणि धावला. ती हलली नाही. एका जागी कधी न बसणारी पोरगी संध्याकाळपर्यंत माझ्या मधोमध बसून राहिली. मूठ घट्ट मिटलेली. पोरगी मात्र आतून थरथरत होती आणि तिच्याबरोबर मी. टक, टक, टक, टक. दुकानात आणखी कुणी नव्हतं.

यावर आणखी काही बोलायचं नाही मला.

उरलेली शाळाही मग पाडली, त्या वर्गातलं बाकी काही उरलं नाही. फळा नाही, टेबल नाही, बाकीचे बाक नाहीत. मी उरलो, कारण मी लंगडा होतो. दुसऱ्या वर्षी लोक जमायचं म्हणाले, तेव्हा त्या वर्गाची वस्तू म्हणून मलाच शोधून आणलं. शाळेच्या जागी आता सभागृह आहे. वर्षभर मी त्याच्या मागच्या खोलीत शिडी, तुटका पंखा आणि फिनेलच्या बाटल्यांच्या शेजारी असतो. त्या एका दिवशी मला पुसून पुढे मांडतात, मध्ये फुलं ठेवतात आणि पाठीला पाटी अडकवतात, ‘कृपया बसू नये’.

अहो, ज्यावर कुणी बसत नाही तो बाक कसला? ती फळी. पण मला कोण विचारतो?

पाय आखूड तो आखूडच. म्हणून दरवर्षी कार्यक्रमपत्रिकेची घडी करून त्याखाली सारतात. एका वर्षी अध्यक्षांच्या भाषणाचा कागद सारला होता. त्या भाषणाचा एवढा उपयोग आणखी कुणाला झाला नसेल. सुताराला दरवर्षी सांगतात, बाबा, एक तुकडा ठोक. तो म्हणतो, “उद्या.” मी आपला मनात म्हणायचो, आळशी लेकाचा.

कार्यक्रम काय असतो तेही सांगतो. बाई हजेरी घेतात. त्याच बाई. त्यांनाही लागलं होतं, तेव्हापासून काठी आहे. पहिल्या वर्षी त्यांनी वहीतली त्या अकरांची शाळेतली नावं वाचली. पोस्टमन उठून उभा राहिला.

“बाई, ही कोण? या नावाची आमच्या घरात कुणी नव्हती. आमच्याकडे वकीलबाई होती.”

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि वाचलं, “वकीलबाई.”

“हां. आता बरोबर,” म्हणाला आणि बसला.

तेव्हापासून घरातलीच नावं वाचतात. नाव आलं की त्या घरातलं कुणीतरी उठतं आणि त्या पोराची एक गोष्ट सांगतं. पण नियम असा, की गोष्ट नवी हवी. गेल्या वर्षीची चालणार नाही. हा नियमही पोस्टमननेच घातला. नात कुणावर गेली होती ते तिथे सगळ्यांना कळलं.

नियम चांगला होता, पण घालताना कुणी विचार केला नाही. सात वर्षांच्या पोराच्या गोष्टी असून असून किती असणार? पाचसहा वर्षं बरी गेली. मग लोकांकडचं सरत आलं. कुणी आठवून आठवून सांगायला लागलं, कुणी शेजाऱ्यांकडून मागून आणायला लागलं, आणि काही जण, मी बाक आहे म्हणून स्पष्ट बोलतो, बनवायला लागले. जो माझे खिळे काढून विकायला निघाला होता, तो म्हणे लहानपणापासून दानशूर. जिने शेजारणीच्या वेणीला शाई लावली ती म्हणे चित्रकार होणार होती. दर वर्षी पोरं शहाणी होत चालली. मी पुढे उभा राहून कुरकुरायचो, की अहो, मी ओळखतो ना त्यांना! व्रात्य होती ती! चांगली व्रात्य होती! माझ्या पोटाखाली चिकटवलेलं च्युइंगम अजून आहे, हात लावून बघा!

कुणी हात लावला नाही. बसू नये म्हणून पाटी होती ना.

बटाट्याच्या आईने मात्र कधी बनवलं नाही. कापड कमी पडलं तर कमी पडलं म्हणून सांगणारी बाई. सतरा गोष्टी तिने पुरवल्या. अठराव्या वर्षी उभी राहिली आणि म्हणाली, “माझ्याकडचं संपलं. पण तो होता.” आणि बसली. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. पोस्टमनची नियम काढायची हिंमत झाली नाही. दर वर्षी ती उठायची, सगळं सभागृह खाली बघायचं, ती दोन वाक्यं म्हणायची आणि बसायची. मी तिचं बसणं ऐकायचो. माणसाचं तोंड काहीही सांगेल हो, बसणं खोटं बोलत नाही. ती रिकाम्या पिशवीसारखी खाली बसायची.

आणि सभागृहाच्या दाराशी भिंगरी उभी असायची. आता ती शाळेची बस चालवते. पोरं चढली की दोनदा मोजते, उतरली की पुन्हा दोनदा. या दिवशी म्हाताऱ्यांना घरून तीच घेऊन येते, पण आत पाऊल टाकत नाही. दाराला टेकून उभी, उजवा हात जॅकेटच्या खिशात. त्या खिशात काय आहे ते सभागृहात मला एकट्याला ठाऊक होतं. म्हणजे तसं मला वाटत होतं.

तेव्हा बघा आता. इथे पुढे एक बाई बसलेली, जिच्याकडची गोष्ट संपली. तिथे मागे एक बाई उभी, जिच्या खिशात एक अख्खी गोष्ट पडून. मध्ये मी, चार पाय आणि तोंड नाही. ओरडावंसं वाटायचं, अगं ये की पुढे! पण बाकाचं ओरडणं म्हणजे करकर. लोक म्हणायचे, वाळवी लागली वाटतं.

भिंगरीचं काय चाललं होतं तेही मी जाणून होतो. कधी कधी बटाट्याची आई पुढच्या रांगेत, माझ्या अगदी जवळ बसायची आणि शेजारणीला म्हणायची, “एरवी ती भिंगरी मला बघून रस्ता बदलते. मी काय खाते का तिला?” खात नव्हती. पण पोरगी मनात धरून बसली होती, की चप्पल मी काढली, म्हणून बाक गेला, म्हणून ते दोघं कोपऱ्यात बसले. आणि मी नाही बसले.

या वर्षी अध्यक्षांनी नवीन टूम काढली. बाकाला पॉलिश करायचं, पाय कायमचा दुरुस्त करायचा आणि काचेच्या पेटीत ठेवायचं. काचेच्या! म्हणजे आता मासाही मी आणि बाकही मीच. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच सुताराला माणूस पाठवून आणवलं. सुतार आता पंच्याहत्तरीचा. बरोबर बायको, कारण एकट्याला सोडलं तर वाटेत गप्पा मारत बसतो.

“आज ‘उद्या’ चालणार नाही,” अध्यक्ष म्हणाले. “ठोका तो तुकडा.”

लोक येऊन बसत होते. सुताराने मला आडवं केलं, आखूड पाय बोटाने चाचपला, पुन्हा सरळ केलं आणि हातोडी माझ्या शेजारी खाली ठेवली.

“मी तुकडा बनवणार नाही,” तो म्हणाला, आणि चांगला मोठ्याने म्हणाला. “याचा तुकडा बनवलेला आहे. मीच बनवला होता.”

“मग कुठे आहे?”

“ज्याच्याकडे आहे त्याने आणावा. मी चोवीस वर्षं थांबलो. आता गुडघे थांबत नाहीत.”

दाराकडे त्याने बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. आणि मी एवढी वर्षं या माणसाला आळशी म्हणत होतो! आता, आळशी तो आहेच. पण त्या दिवशी चहाचा कप हातात धरून त्याने सगळं ऐकलं होतं.

अध्यक्षांना वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. त्यांनी कार्यक्रमपत्रिकेची घडी केली, माझ्या पायाखाली सारली आणि माईक हातात घेतला. भाषण झालं. नेहमीचंच. मग बाई उठल्या, काठी टेबलाला टेकवली, वही उघडली. एकेक नाव. एकेक गोष्ट. पोस्टमन उठला आणि म्हणाला, वकीलबाईने एकदा त्याच्या पिशवीतलं एक पत्र परत लिहायला लावलं होतं, कारण पाकिटावरचं अक्षर तिला आवडलं नव्हतं. बनवलेली असणार. पण तिला शोभली.

“बटाटा,” बाईंनी वाचलं.

बटाट्याची आई उठली. सगळ्यांनी खाली बघितलं.

“माझ्याकडचं—”

“काकू.”

दाराकडून आवाज आला. साऱ्या माना मागे.

“काकू, माझ्याकडे एक आहे.”

आणि भिंगरी आत आली. चोवीस वर्षांनी. मधल्या वाटेने चालत माझ्यापर्यंत आली, खिशातून हात काढला आणि मूठ उघडली. माझी चप्पल! रंग उडालेला, कडा हाताने झिजून गुळगुळीत. आखूड पायाला माझ्या काहीतरी झालं, काय ते सांगता येत नाही.

तिने सगळं सांगितलं. खडू पडला तिथपासून. बाकाच्या हरवलेल्या तीन चपला, खटला, निकाल. “माझीपण एक हरवलीय” हे बटाट्याचं वाक्य आलं आणि मागच्या रांगेत कुणीतरी फस्सकन हसलं. मग दुसरं. बटाट्याची आई उभीच होती. हसत नव्हती, डोळे मिटून ऐकत होती, जसं माप घेताना आकडा मनात धरतात तसं.

“मग बाक टकटक करायला लागला,” भिंगरी म्हणाली. “म्हणून बाईंनी तो पाठवला. म्हणून आम्हाला कोपऱ्यात बसवलं. काकू, चमच्याने चप्पल मी काढली. माझ्या हाताने.”

हसू थांबलं. 

“चमचा कुणाचा?” बटाट्याच्या आईने विचारलं.

“त्याचा. डब्यातला.”

“वाकला?”

“हो.”

“कुठे वाकला? दांड्यात का मानेत?”

“मानेत.”

बटाट्याची आई शेजारच्या खुर्चीला धरून उभी राहिली. मग बोलली, पण भिंगरीशी नाही, सगळ्यांशी.

“मंगळवारी संध्याकाळी डबा घासायला घेतला, तर चमचा वाकडा. विचारलं, कसा वाकला? म्हणाला, बाकाची चप्पल काढली. मी म्हटलं, एक तर चमचा मोडतोस आणि वर खोटं बोलतोस? दोन धपाटे घातले. तो परत तेच म्हणाला, बाकाची चप्पल. आणखी एक घातला. रुसून झोपला. सकाळी न बोलता शाळेत गेला.” ती थांबली. “ही गोष्ट मी कधी सांगितली नाही. बाकीच्या सतरा सांगितल्या. ही नाही.”

मग ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी, आणि हसतेय. “बाकाची चप्पल! अहो, कुणी विश्वास ठेवला असता? तुम्ही ठेवला असता? खरं बोलत होता मेला! अक्षर न् अक्षर खरं बोलत होता!”

“पण काकू, कोपऱ्यात...” भिंगरी म्हणाली.

“कोपऱ्यात मी बसवलं,” बाई म्हणाल्या. काठीशिवाय उभ्या होत्या.

“शाळेच्या छपराच्या तक्रारीची तीन पत्रं मी हाताने कचेरीत नेऊन दिली,” पोस्टमन म्हणाला. “उघडली का म्हणून एकदाही विचारलं नाही.”

“ए, थांबा सगळे,” सुतार उठला. “सुरुवात माझी आहे. पाय मी आखूड कापला. खास पद्धतबिद्धत काही नव्हती. चुकलो होतो.”

मागून त्याची बायको म्हणाली, “उजाडला बाई एकदाचा उद्या! आता दाराचंही बघा.”

लोक हसावं का रडावं या पेचात असताना बटाट्याच्या आईने हात वर केला. “पुरे. झाली सगळ्यांची वाटणी, माझे धपाटेही धरा त्यात. आता मला गोष्ट पुरी ऐकू द्या. भिंगरे, तू चप्पल परत द्यायला निघालीस तेव्हा तो काय म्हणाला?”

भिंगरीने चप्पल पुन्हा मुठीत घेतली. मग बोलली. “म्हणाला, तू जा पळत. आम्ही तुझी जागा धरून ठेवतो.”

बटाट्याची आई पुढे आली. माझ्यावरची फुलं उचलून अध्यक्षांच्या हातात दिली. पाटी काढून तीही त्यांच्याच हातात दिली.

“अहो, त्याच्यावर बसायचं—”

“अध्यक्ष, तुम्ही बसा खाली.”

आणि ती माझ्या डाव्या टोकाला बसली. चोवीस वर्षांनी माझ्यावर माणूस बसलं. पायाखालची कार्यक्रमपत्रिका सटकली आणि मी हललो. टक! ती दचकली. मग तिने मुद्दाम दुसरीकडे जोर दिला. टक! पोस्टमन गुडघे धरत आला आणि उजव्या टोकाला बसला. टक! मधली जागा रिकामी. तिने त्या रिकाम्या फळीवर थाप मारली.

“ये गं. किती वेळ धरून ठेवायची?”

भिंगरी बसली. तिघं बसली. आणि मी त्या तिघांच्या वजनाने असा झुललो, असा झुललो, की बाईंनी सवयीने फळ्याकडून वळावं तसं वळून बघितलं. या वेळी ओरडल्या नाहीत.

सुताराने खिळा तोंडात धरून विचारलं, “मग? ठोकू का?”

“हात लावाल तर बघा,” बटाट्याची आई म्हणाली. भिंगरीच्या हातातली चप्पल घेऊन तिने आपल्या पिशवीत टाकली. घरी वाकडा चमचा अजून आहे म्हणे. दोन्ही एकत्र ठेवणार.

झालं एवढंच. काचेच्या पेटीचा बेत बारगळला. मी आता मागच्या खोलीत नसतो, सभागृहाच्या दाराशी असतो. कुणीही येतं, बसतं. म्हातारे धाप लागली की बसतात, पोरं विनाकारण बसतात. फळी जुनी झालीय, एका टोकाला भेग आहे, अजून काही वर्षं जातील. च्युइंगम अजून तिथेच आहे.

पुढच्या वर्षी बटाट्याच्या आईकडे सांगायला गोष्ट आहे, आणि भिंगरी म्हणते अजून आठ आहेत. एकेक ऐकवते म्हणाली. खडूची तर अजून निघालीच नाही.

माझं मागणं एकच. गेलेल्या पोरांना उगाच शहाणं करू नका हो. ती जशी होती तशी राहू द्या, नाक गळणारी, खोड्या काढणारी, खरं बोलणारी. आणि कुणाची एखादी गोष्ट तुमच्या खिशात पडली असेल, तर ती नेऊन द्या. त्या घरात कुणीतरी उभं असतं.

आता उभे काय राहिलात? बसा. जरा हलतो मी, घाबरू नका. पोरांनी केलंय ते.